बांधावरच्या व्यवहाराची नोंद

साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात आता फारशी कोणी सांगत नाही. संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी ज्या पाहण्या केल्या, त्यांपैकी वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी १९४० साली प्रसिद्ध झाली. शेतीकडे व्यवसाय म्हणून पाहायचे आणि तिचा जमाखर्च तपासायचा, ही दृष्टी मला आजही मोलाची वाटते.

अशा पाहण्यांतून काय घडू शकते, हे पुढे दिसले. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या समितीत गाडगीळ होते. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून जेमतेम ३ टक्के येते आणि सुमारे ७० टक्के सावकारांकडून येते, हे त्या पाहणीने आकड्यांनिशी दाखवले. अहवाल १९५४ साली आला, १९५५ साली स्टेट बँक स्थापन झाली आणि सहकारी संस्थांच्या भागभांडवलात सरकारने वाटा उचलावा, ही शिफारस धोरणात उतरली. आपल्याकडील सोसायट्या, जिल्हा बँक आणि साखर कारखाने ज्या पतव्यवस्थेवर वाढले, तिला या शिफारशींचा मोठा आधार होता.

आज आल्याच्या पिकाचे उदाहरण घ्यावे. सातारा, कोरेगाव, कराड भागात आल्याचा भाव ५०० किलोच्या गाडीवर ठरतो आणि बरीच खरेदी थेट बांधावर होते. नवे आणि जुने आले वेगळे करून दोन दर लावायचे की सरसकट माल घ्यायचा, यावरून शेतकरी आणि व्यापारी यांच्यात वारंवार वाद होतात. बांधावरचा सौदा बाजार समितीच्या वहीत येत नसल्यामुळे खरा दर, तूट आणि उधारी यांची सलग नोंद कोठेच राहत नाही, आणि मग बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. हे मला फार खटकते, कारण यात प्रामाणिक व्यापाऱ्याचेही नुकसान आहे.

जिल्ह्यातील वाणिज्य महाविद्यालयांनी काढणीच्या हंगामात काही गावे निवडून दर आठवड्याला गाडीचा दर, प्रतवारी आणि पैसे मिळण्यास लागलेले दिवस लिहून घ्यावेत. शेतकरी आणि व्यापारी या दोघांनीही आपल्या वह्या त्यांना मोकळेपणाने दाखवाव्यात, आणि ती नोंद बाजार समितीच्या फलकावर सर्वांना वाचता यावी.