पेडल सांगत नाही ते बूस्टरचा दांडा सांगतो

घाटात ट्रकचा ब्रेक लागला नाही की हवा संपली किंवा पाइप फुटला, असं सगळे धरून चालतात. पण गेजवर आठ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) हवा दिसत असताना, कुठेही गळती नसताना लोड गाडी उतारावर थांबत नाही, असंही होतं. कारण मागच्या चाकांजवळ असतं, आणि ते ड्रायव्हरच्या पायाला कळूच शकत नाही.

छोट्या गाडीच्या तेलाच्या ब्रेकमध्ये लायनर (ड्रमवर घासणारे पट्टे) झिजले की पेडल खाली जायला लागतं. हवेच्या ब्रेकमध्ये पाय फक्त एक व्हॉल्व्ह उघडतो. पायाला जो दाब परत जाणवतो तो त्या व्हॉल्व्हमधल्या स्प्रिंगचा आणि हवेचा. चाकाजवळ बूस्टरचा, म्हणजे हवेच्या दाबानं ब्रेक लावणाऱ्या डब्याचा, दांडा तीस मिलिमीटर सरकला काय किंवा साठ सरकला काय, पेडल तेवढंच कडक लागतं. म्हणून "पेडल तर मस्त आहे" या वाक्याला हवेच्या ब्रेकमध्ये काही अर्थ नाही. मोजायची ती दांड्याची चाल.

हे काम दोन माणसांचं आणि पंधरा-वीस मिनिटांचं. गाडी सपाट जागी उभी करा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावा. हवा पूर्ण भरू द्या, मग इंजिन बंद करून हँड ब्रेक सोडा. हँड ब्रेक स्प्रिंगनं लागतो आणि हवेनं सुटतो; तो सुटल्याशिवाय मागचे दांडे मूळ जागी येत नाहीत आणि माप चुकतं. आता प्रत्येक दांड्यावर, बूस्टरच्या तोंडाला अगदी लागून, खडूची रेघ मारा. पेडल दोन-चार वेळा दाबून गेज सहा ते सात किलोवर आणा. क्लीनरला पेडल पूर्ण दाबून धरायला सांगा आणि बूस्टरच्या तोंडापासून रेघेपर्यंतचं अंतर पट्टीनं घ्या.

बूस्टरचा नंबर म्हणजे आतल्या डायफ्रमचं चौरस इंचातलं क्षेत्रफळ. साध्या २४ नंबरच्या बूस्टरची पूर्ण चाल ५७ मि.मी. असते, पण ४४ मि.मी.पर्यंत गेली की तो ॲडजस्टमेंटला आलाच. ३० नंबरला पूर्ण चाल ६४, मर्यादा ५१. लाँग स्ट्रोकच्या बूस्टरची मापं वेगळी असतात, म्हणून आधी कुठला बसवलाय ते बघा. सात किलो हवेवर ३० नंबरचा बूस्टर साधारण साडेतेराशे किलोंचा जोर देतो, पण मर्यादेच्या आत असेपर्यंतच. त्याच्या पुढे डायफ्रम टोकाला जायला लागतो आणि जोर झपाट्यानं पडतो. दांडा आतून टेकला, की हवा कितीही असो, लायनरवर काहीच पोचत नाही.

थंड गाडीवर ५० मि.मी. चाल मोजून "एक मिलिमीटर आहे अजून" म्हणणं धोक्याचं आहे. आपल्याकडच्या मोठ्या ट्रकवर ४१० मि.मी. व्यासाचे ड्रम असतात. बिडाचा असा ड्रम दोनशे अंशांनी तापला की व्यास जवळपास ०.९ मि.मी.नी वाढतो. ऐकायला काहीच नाही. पण लायनर ड्रमवर ढकलणाऱ्या कॅमची त्रिज्या अर्ध्या इंचाची आणि दांड्याला कॅमशी जोडणाऱ्या स्लॅकचा (स्लॅक ॲडजस्टरचा) हात साडेपाच-सहा इंचांचा, त्यामुळे तो फरक दांड्याशी येईपर्यंत साधारण १० मि.मी. होतो. यार्डात पास झालेली गाडी कसाऱ्याचा किंवा खंबाटकीचा घाट निम्मा उतरेपर्यंत मर्यादेच्या बाहेर गेलेली असते ती अशी.

हातानं करायचा स्लॅक असेल तर बोल्टवरची लॉकिंग स्लीव्ह पान्यानं आत दाबा आणि लायनर ड्रमला टेकेपर्यंत फिरवा. फिरवताना नजर कॅम शाफ्टवर ठेवा. ब्रेक लागताना तो ज्या दिशेनं वळतो त्याच दिशेनं वळला पाहिजे. दांडा बूस्टरमधून बाहेर ओढला जात असेल तर तुम्ही उलटं फिरवताय. टेकल्यावर पाव ते अर्धा फेरा मागे घ्या, स्लीव्ह परत बाहेर येऊन बोल्ट लॉक झालाय ना ते बघा, आणि चाल पुन्हा मोजा. स्लीव्ह आतच अडकली तर बोल्ट चालत्या गाडीत आपोआप ढिला होत जातो.

ऑटो स्लॅकला मात्र हा न्याय लावू नका. त्याचं कामच चाल आपोआप धरून ठेवणं. तरी चाल वाढली असेल तर बिघाड दुसरीकडे आहे: क्लेव्हिस पिनचं (दांडा स्लॅकला जोडणाऱ्या पिनचं) भोक लांबट झालंय, कॅमचे बुश खाल्लेत, बूस्टरचा ब्रॅकेट हलतोय, शूची रिटर्न स्प्रिंग तुटलीय, किंवा स्लॅकच आतून गेलाय. पाना लावून तो आवळला की माप त्या दिवसापुरतं बरोबर येतं, आठवड्यात पुन्हा तेच. आणि खरा बिघाड झाकला जातो, हे त्याहून वाईट. नवीन लायनर टाकल्यावर पहिल्यांदा सेट करायला पाना लावावा लागतो, तेवढंच.

कुठलं चाक काम करत नाही हे शोधायचा सोपा मार्ग म्हणजे उतार संपल्यावर ड्रमचं तापमान बघणं. इन्फ्रारेड थर्मामीटर आता स्वस्तात मिळतो. ड्रमला हात लावू नका. सगळे जण सर्वांत तापलेल्या ड्रमकडे धावतात, पण बऱ्याचदा दोषी असतो तो थंड. त्याच्या वाटणीचं काम बाकीचे करतात म्हणून ते तापतात. एकच चाक एकटं तापलं असेल आणि ब्रेक सोडूनही सुटत नसेल, तर तो जाम. कोरडा कॅम, तुटलेली स्प्रिंग, किंवा चिखलानं बुजलेला व्हॉल्व्हचा एक्झॉस्ट (हवा बाहेर सोडायचं तोंड), या क्रमानं बघा.

आता गळती. गुटके लावून, हवा भरून, इंजिन बंद आणि हँड ब्रेक सोडलेला, अशा स्थितीत पेडल पूर्ण दाबून धरा. पहिला झटका बसून काटा स्थिर झाला की एक मिनिट मोजा. एकट्या ट्रकचा काटा मिनिटात ०.२ किलोपेक्षा जास्त उतरता कामा नये. उतरला तर साबणाचं पाणी घ्या. जोडांवर एकही बुडबुडा चालणार नाही.

मागच्या बूस्टरना हवा देणाऱ्या रिले व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टमधून सतत हवा येत असेल तर तिथं जरा थांबा. गॅरेजमध्ये नवा रिले बसतो, बिल होतं आणि फुसफुस तशीच राहते. हँड ब्रेक ओढून बघा. ओढल्यावर आवाज बंद झाला आणि सोडल्यावर परत सुरू झाला, तर संशय मागच्या स्प्रिंग बूस्टरवर (पायाचा ब्रेक आणि हँड ब्रेक एकत्र असलेल्या) घ्या. त्याच्या दोन कप्प्यांमधलं सील गेलं की हँड ब्रेकची हवा पायाच्या ब्रेकच्या कप्प्यात शिरते आणि त्याच पाइपनं उलटी येऊन रिलेच्या तोंडातून बाहेर पडते. खात्री करायला गुटके लावलेल्या गाडीचा हँड ब्रेक सोडा आणि एकेका बूस्टरचा सर्व्हिस होज (पायाच्या ब्रेकचा पाइप) काढा. ज्याच्या पोर्टमधून हवा येते तो बूस्टर बदला. हे न बघता गाडी चालवली तर ते चाक थोडं थोडं ब्रेक धरून राहतं आणि लायनर जळतो.

पेडलच्या फूट व्हॉल्व्हचंही तसंच: पेडल सोडलेलं असताना एक्झॉस्टमधून हवा येत असेल तर आतली इनलेट सीट खराब किंवा त्यावर कचरा, आणि फक्त दाबल्यावर येत असेल तर एक्झॉस्टची बाजू गेली.

टँकमधलं पाणी रोज सोडायचं, पावसाळ्यात न चुकता, कंप्रेसरनंतरच्या पहिल्या टँकपासून सुरुवात करून. हवेतली ओल शोषणारा ड्रायर चांगला असेल तर जवळजवळ काहीच निघत नाही. पाणी यायला लागलं की ड्रायरचं कार्ट्रिज संपलं. दुधासारखा चिकट गाळ आला तर कंप्रेसर तेल फेकतोय. तेव्हा नुसतं कार्ट्रिज बदलून भागणार नाही. इनटेकचा फिल्टर, कंप्रेसरच्या रिंगा आणि डिलिव्हरी पाइप बघावा लागेल. तो पाइप आतून कार्बननं बुजला की हवा भरायला वेळ लागतो आणि ड्रायरकडे जाणारी हवा आणखी गरम होते.

उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची सवय वरच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर हे होताना दिसतं. न्यूट्रलमध्ये इंजिनाची ओढ जाते, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) निरुपयोगी होतो, आणि आयडलवर कंप्रेसर हवाही कमी भरतो. इंजिनच बंद केलं तर हवा भरणंही थांबतं आणि पॉवर स्टिअरिंगही. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्या. पेडलवर सतत पंप मारू नका, प्रत्येक दाबण्यात टँकमधली हवा खर्च होते.

हवा गेल्यानं मागचे स्प्रिंग ब्रेक लागून गाडी रस्त्यात अडकली, तर बूस्टरच्या मागचा रिलीज बोल्ट आवळून स्प्रिंग दाबता येते. त्याआधी गुटके लावलेच पाहिजेत, कारण बोल्ट आवळल्यावर त्या चाकाला हँड ब्रेक उरत नाही. स्प्रिंगच्या बाजूचा क्लॅम्प कधीही खोलू नका, तुटलेला बूस्टर भंगारात देण्याआधीही नाही. आत शेकडो किलोंच्या जोरानं दाबलेली स्प्रिंग असते आणि क्लॅम्प सुटला की टोपण बंदुकीच्या गोळीसारखं उडतं.