शालीची चुंबळ

रविवार, रात्री

अंग आंबून गेलंय, पण आज लिहिलं नाही तर राहूनच जाईल. काल संध्याकाळी आमच्या गडसंवर्धन करणाऱ्या गटाचा सत्कार झाला आणि आज सकाळी आम्ही राजगडावर होतो. दोन्ही लागोपाठ आल्यामुळे डोक्यात बरंच काही घोळतंय.

सत्कार कसा असतो ते सगळ्यांना माहीत आहे. शाल, श्रीफळ, चौकटीतलं मानपत्र, पाहुण्यांची वाट पाहत रेंगाळलेलं प्रास्ताविक. आम्हाला ‘आजचे मावळे’ म्हणून झालं, टाळ्या झाल्या, बटाटेवडा झाला. आयोजकांचं मन साफ होतं, हे मी अगदी मनापासून लिहितोय. खटकलं ते एवढंच, की ही माणसं गडावर जाऊन नेमकं करतात काय, हे अख्ख्या कार्यक्रमात कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. ‘गडकोटांची निःस्वार्थ सेवा’ म्हटलं की विषय संपतो.

आज जे केलं ते इथे लिहितो. पद्मावती माचीवरच्या एका टाक्यातला गाळ काढायचं काम चालू आहे. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की हे काम निघतं, पावसाला सुरुवात झाली की बंद. टाकं खडकात खोदलेलं. खाली उतरलेले दोघंतिघं फावड्यानं घमेली भरतात, वर साखळी उभी असते आणि घमेलं हातोहात सरकत जातं. वरवर ओझी वाहण्याचं काम, पण खरी गोम शेवटच्या माणसाकडे. तो गाळ लांब नेऊन फेकत नाही. आधी पसरतो, हातानं चाचपतो, ढेकळं फोडून बघतो. खापराचे तुकडे, कौलाचा तुकडा, गंजलेला खिळा, कधी काहीच नाही. जे मिळेल ते बाजूला, कोणत्या थरातून आलं त्याची चिठ्ठी लावून, आणि मग पुरातत्त्व विभागाकडे. राजगड राज्य संरक्षित स्मारक आहे. तिथे परवानगीशिवाय कुदळ मारता येत नाही. शिवाय १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडवलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपयांत आता गडावर ताकसुद्धा मिळत नाही, पण कायदा तो कायदा.

ही शेवटची जागा आमच्यात काकांची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, गुडघे कुरकुरतात, तरी गुंजवण्याच्या वाटेनं चोरदरवाजाचा चढ आमच्या आधी चढून जातात. काल त्यांनाही शाल मिळाली होती. आज सकाळी बघतो तर त्यांनी तीच शाल पिळून गोल वळली, डोक्यावर चुंबळ केली आणि वर घमेलं घेतलं. पोरं हसायला लागली. काका म्हणाले, “अरे, उन्हाळ्यात दुसरं काय करू हिचं?” श्रीफळाची दुपारी भाकरीबरोबर चटणी झाली. मानपत्र तेवढं घरी आहे, त्याचा उपयोग अजून सापडलेला नाही.

काकांची एक वही आहे. साधी, दोनशे पानी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. तारीख, कोण कोण आलं, कोणत्या जागी काम, किती घमेली निघाली, काय सापडलं, कोणती अवजारं गावात ठेवली. मध्येच एखादी ओळ: ‘तटाच्या या भागात उंबर फुटला आहे, मुळासकट उपटू नये, चिरे सुटतील.’ हे वाक्य कालच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोलाचं आहे. जोत्यात, तटात उगवलेला उंबर-पिंपळ हौशी माणूस ओढून काढतो आणि मुळाबरोबर दोन चिरे खाली येतात. जाणकार माणूस वरून छाटतो आणि मुळांचं काय करायचं ते विभागाच्या तज्ज्ञाला विचारतो.

म्हणून सरसकट कौतुक मला पटत नाही. गडावर कामाला येणारे सगळेच सारखे नसतात. उत्साहाच्या भरात सिमेंट भरणारे पाहिलेत. जुनं बांधकाम चुन्याचं, ते श्वास घेतं, ओल आत-बाहेर होऊ देतं. सिमेंट ती कोंडतं आणि दगड झिजायला लागतो. शिलालेख उठून दिसावा म्हणून त्यात रंग भरणारे पाहिलेत. जिथे पडली होती ती जागा न नोंदता तोफ उचलून गाड्यावर बसवणारेही पाहिलेत. यांनाही शाल मिळते, आणि फोटो जास्त चांगला येतो, कारण गाळ चाचपणाऱ्या माणसाचा फोटो काढण्यासारखा नसतोच.

दुपारनंतर निम्मे जण कचऱ्याला गेले. माचीवरचा कचरा गोळा करणं सोपं. कड्यावरून खाली भिरकावलेल्या बाटल्या मात्र दोर लावून, कमरेला हार्नेस बांधून काढाव्या लागतात. ते काम गिर्यारोहण शिकलेली मुलंमुली करतात, बाकीच्यांनी वर दोराजवळ बसायचं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठी राज्याच्या कारभारावरच्या त्या जुन्या ग्रंथात, गडावरच्या केराबद्दल स्पष्ट हुकूम आहे. केर गडाखाली टाकायचा नाही, जागच्या जागी जाळायचा आणि ती राख परसात घालून भाजीपाला करायचा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ज्यांनी हे लिहिलं त्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक होता, एवढं नक्की. त्यांच्या केरात प्लॅस्टिक नव्हतं, ही त्यांची सुटका.

माझी आतेबहीण अमेरिकेत असते. तिकडच्या एका राष्ट्रीय उद्यानात ती सुट्टीच्या दिवशी पायवाटा दुरुस्त करायला जाते. तिच्याशी बोलताना मला हेवा वाटला तो तिथल्या डोंगरांचा नाही. तिथे १९७० पासून यासाठी कायदाच आहे. स्वयंसेवकाचा प्रवासखर्च, गणवेश, जेवणखाण यांसाठी पैसे देता येतात. काम करताना इजा झाली तर सरकारी कर्मचाऱ्यासारखी भरपाई मिळते. तास मोजले जातात, २५० तास भरले की वर्षभराचा प्रवेश पास मिळतो. सगळं तिथल्यासारखं इथे व्हावं असं मी म्हणत नाही. पण मागे आमच्यातल्या एका पोराच्या पायावर दगड आला, प्लॅस्टर घालावं लागलं, तेव्हा आम्ही वर्गणी काढली. शाल तर त्यालाही मिळाली आहे.

या कौतुकाला आणखी एक बाजू आहे, ती मला जास्त टोचते. स्वयंसेवक आहेत म्हटल्यावर नेमणुका करायची घाई कुणाला? शिवकाळात गड सांभाळणारी माणसं फुकट राबत नव्हती. हवालदार, सबनीस, कारखानीस अशी नेमलेली माणसं होती, गडाच्या घेऱ्यातल्या, म्हणजे पायथ्याभोवतालच्या लोकांकडे राखणीचं काम होतं आणि त्याचा मोबदला होता. जुलै २०२५ मध्ये राजगडासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, अकरा आपल्याकडचे आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. फटाके वाजले, मीही वाजवले. पण रविवारी आम्ही आहोत, सोमवार ते शुक्रवार कोण?

त्याचं एक उत्तर मला माहीत आहे. गडावर ताक-सरबत विकणाऱ्या एक मावशी आहेत. पहाटे खालून हंडा, लिंबं, साखर घेऊन चढतात, संध्याकाळी उतरतात. त्यांच्या पालामागे नेहमी एक पोतं असतं. गिऱ्हाईक बाटली टाकून गेलं की त्या उठतात, उचलतात, पोत्यात घालतात, परत येऊन बसतात. आज मी विचारलं, “मावशी, हे रोजचंच का?” तर म्हणाल्या, “मग काय दादा, आमालाच दिसतंय ना ते दिवसभर.” उतरताना हंडा रिकामा असतो, मग पोतं डोक्यावर. त्यांना कुणी स्वयंसेवक म्हणत नाही. त्यांना विचारलं तर त्याही म्हणणार नाहीत.

खाली येताना मी काकांना म्हटलं, “मावशींचं नाव आपल्या वहीत का नाही?” काका थोडा वेळ गप्प चालत राहिले. मग म्हणाले, “ही वही आपल्या गटाची म्हणून चालू केली. गडाची म्हणून करायला हवी होती.”

रायगडावर जगदीश्वर मंदिराच्या पायरीवर कोरलेलं आहे, ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर’. हिरोजी म्हणजे रायगडाचं बांधकाम करणारा. त्यानं बक्षीस म्हणून ती पायरीच मागून घेतली ही आख्यायिका आहे, ती सगळे सांगतात. पण मंदिराजवळच दुसरा, संस्कृत शिलालेखही आहे. त्यात त्याच हिरोजीनं काय काय बांधलं ते आलंय, विहिरी, तळी, वाडे. पायरीपाशी डोळ्यांत पाणी येतं हे खरं. मला हल्ली तो दुसरा लेख जास्त आवडायला लागलाय. माणसाच्या नावापुढे त्याचं काम लिहिलेलं आहे.

काकांनी वही माझ्याकडे दिली आहे, पानांचे फोटो काढून ठेव म्हणाले, मागच्या पावसात दोन पानं भिजून गेली. निम्मं काम झालंय. अक्षर कळायला अवघड, आणि कुठे कुठे नुसतं ‘गा. का. ४०’. म्हणजे गाळ काढला, चाळीस घमेली. पुढच्या रविवारी नेण्यासाठी एक नवी वही आणायची आहे, जाड पुठ्ठ्याची. आणि घमेली दोन, जुन्यांचे कान तुटलेत. मावशींना त्यांचं पूर्ण नाव विचारायचं आहे. इतकी वर्षं त्यांच्याकडचं ताक पितोय, ते आम्हाला कुणालाच ठाऊक नाही.