हळदीचा कागद

गालिचा धुताना सक्शन मशीनने ओढलेलं पाणी टाकीत पडताना दिसतं. पहिल्या दोन फेऱ्यांना ते नेहमीसारखं काळपट आलं. तिसऱ्या फेरीला गुलाबी आलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

कोथरूडमधलं घर, 2017 चा एप्रिल. काकूंचा चार बाय सहाचा काश्मिरी गालिचा, त्यांच्या यजमानांनी श्रीनगरहून आणलेला. साईच्या रंगाची जमीन आणि कडेने डाळिंबी वेलबुट्टी. मी त्यावर तेच लिक्विड मारलं होतं जे हिंजवडीच्या ऑफिसांतल्या कार्पेटवर रोज मारायचो. वर कढत पाणी. वेलबुट्टीचा लाल रंग जमिनीत उतरत गेला आणि दोन तासांनी एका कोपऱ्यात हातभर लांबीचा गुलाबी ढग तयार झाला.

काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी चहा ठेवला. मी पैसे घ्यायला नको म्हणालो, नुकसान भरून देतो म्हणालो. त्यांनी एवढंच विचारलं, "तुला यातलं माहीत नव्हतं, तर हात का लावलास?" याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

आमच्या धंद्यात यायला कुणी अडवत नाही. मशीन घेतलं, पत्रकं छापली, झालं. मीही तसाच आलो. हाउसकीपिंगमध्ये सुपरवायझर होतो, 2015 मध्ये जुनं मशीन घेतलं आणि एका ओळखीच्या मुलाबरोबर चार दिवस फिरलो. तेवढंच माझं शिक्षण. ऑफिसात आणि फ्लॅटमधल्या सोफ्यांवर ते चालून गेलं, कारण तिथला माल बहुतेक नायलॉन किंवा पॉलिएस्टर. तो आपल्या चुका पोटात घालतो. लोकर घालत नाही.

मुंबईत दादरला दोन दिवसांचा वर्ग असल्याचं एका रसायनविक्रेत्याकडून कळलं. फी नऊ हजार. त्या महिन्यात मुलीची शाळेची फीही भरायची होती. बायकोने भिशीचे पैसे पुढे केले आणि म्हणाली, जाऊन या, नाहीतर प्रत्येक घरात तुमचा हात थरथरेल. पहाटेच्या सिंहगड एक्स्प्रेसने गेलो, रात्री मावसभावाकडे लालबागला राहिलो.

शिकवणाऱ्या सरांनी आयआयसीआरसीचा कोर्स केला होता. ही अमेरिकेत 1972 साली सुरू झालेली, साफसफाईच्या कामाचे मापदंड ठरवणारी संस्था. सरांच्या हातात इंग्रजी पुस्तक होतं, पण सुरुवात त्यांनी हळदीने केली. पांढरे टिपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेले होते. प्रत्येकाला एकेक दिला आणि म्हणाले, "तुम्ही रोज जे लिक्विड वापरता त्याचा एक थेंब यावर टाका." मी बाटली बरोबर नेलीच होती. थेंब पडला आणि पिवळा कागद विटकरी लाल झाला.

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे आपल्या घरात कुणाला माहीत नाही? आईच्या पातळावर मी ते शंभरदा पाहिलं असेल. पण ती हळद आपल्याला काही सांगते आहे, हे पस्तिसाव्या वर्षी कळलं. पाण्याचा सामू (pH) 7, म्हणजे ना आम्ल ना क्षार. सामू आठ-साडेआठच्या वर गेला, म्हणजे क्षार वाढला, की हळद लाल होते, आणि साधारण त्याच पट्ट्याच्या पुढे लोकरीला त्रास सुरू होतो. कपड्यांच्या पावडरीचं पाणी दहाच्या आसपास असतं, माझं लिक्विड त्याच घरातलं. लोकर म्हणजे शेवटी केस. तिला रंग चढवतात तोच बहुधा आम्लात, म्हणून क्षार आणि उष्णता एकत्र आली की तो रंग सुटायला लागतो. मी काकूंच्या गालिच्याला दोन्ही एकाच वेळी दिलं होतं. मी तो कागद खिशात ठेवला, अजून आहे.

सकाळी वर्गात शिरलो तेव्हा सरांनी एका पेल्यात ब्लीच ओतून त्यात लोकरीचा धागा सोडला होता. जेवणाच्या सुट्टीनंतर पेला दाखवला तर धागा नव्हताच, विरघळून गेला होता. समोर बसलेला नाशिकचा एक जण हळूच म्हणाला, मी तर डागाला हेच लावतो. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी धागे जाळून ओळखायचे. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती आपोआप विझते आणि उरलेला काळा मणी बोटांत चुरतो. व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून काढलेला धागा, कागदासारखा भुरकन जळतो, मागे मऊ राख. नायलॉन वितळून कडक गाठ होते. ॲक्रिलिकचा धूर काळा आणि नाकाला झोंबणारा. ऐकायला सोपं वाटतं. दहा नमुन्यांपैकी मी सहाच बरोबर ओळखले. दोनदा ॲक्रिलिकला लोकर म्हणालो. सरांनी हजेरीचं पत्र दिलं, प्रमाणपत्र दिलं नाही. "तीन महिन्यांनी या. चुकलात तर नुकसान गिऱ्हाइकाचं होणार," म्हणाले. तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्यांनी त्या दिवशी मला पास केलं असतं तर मी परत तसाच कुणाच्या तरी घरात शिरलो असतो.

ते तीन महिने मी दर रविवारी जुन्या बाजारात जात होतो. फाटक्या सतरंज्या, गालिच्यांचे तुकडे, उसवलेल्या झालरी, जे मिळेल ते आणायचो. गच्चीवर मांडायचो, मागची बाजू उलटून बघायचो. हाताच्या विणीत गाठी मागून दिसतात आणि नक्षी पाठीवरही तेवढीच स्वच्छ असते. काश्मिरी मालात चौरस इंचाला 324 गाठी, म्हणजे अठरा गुणिले अठरा, हे माप तिथे नेहमीचं. भिंगाखाली एक इंच मोजायला बसलो की कळतं, कुणीतरी प्रत्येक गाठ बोटांनी मारली आहे. टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता कापडात धागे खोचून केलेल्या गालिच्याच्या पाठीला मात्र कापड चिकटवलेलं असतं आणि आत डिंकासारखा लॅटेक्स. तो जुना झाला की पावडर होऊन गळतो, त्याला भरपूर पाणी पाजलं तर पाठच सुटते. पाठीला ताग असेल आणि वाळायला वेळ लागला, तर वर तपकिरी डाग चढतात. लोक समजतात, धुणाऱ्याने घाण राहू दिली.

दुसऱ्या खेपेला दहाच्या दहा ओळखले. प्रमाणपत्र घरी लावलंय, गिऱ्हाइकाला दाखवत नाही. कुणी विचारतही नाही.

गिऱ्हाईक बघतं ते वेगळंच. आता मी घरात गेल्यावर मशीन दाराबाहेर ठेवतो. आधी गालिचा उलटतो, मग कोपऱ्यातला एखादा सुटा धागा घरच्यांना विचारून, त्यांच्यासमोर जाळतो. वास त्यांनाही घ्यायला सांगतो. मग पांढरं सुती फडकं, जे लिक्विड वापरणार त्यातच भिजवून प्रत्येक रंगावर दाबून ठेवायचं, वर वजन, दहा मिनिटं थांबायचं. ही दहा मिनिटं सगळ्यात अवघड. मालक घड्याळ बघतात, "सुरू करा की" म्हणतात. मी फडकं उचलून त्यांच्याच हातात देतो. त्यावर रंग आला असेल तर मला काही बोलावं लागत नाही. काम झाल्यावर हलकं आम्ल घातलेल्या पाण्याने धुवून घेतो, म्हणजे साबण मागे राहत नाही. राहिलेला साबण चिकट असतो, महिन्याभरात दुप्पट धूळ पकडतो आणि लोक म्हणतात धुतलं की लवकर मळतं. सोफ्याचे पाय परत ठेवताना खाली ॲल्युमिनियम फॉइलचे तुकडे, नाहीतर ओल्या गालिच्यावर गंजाचे आणि पॉलिशचे डाग उतरतात. निघताना पंखा लावून जातो, दुसऱ्या दिवशी वाळलं का ते फोन करून विचारतो.

नाही म्हणायला शिकणं याहून कठीण गेलं. बाणेरला एका घरी "बांबू सिल्क"चा मोठा गालिचा होता, त्यावर सांडलेली कॉफी. धागा जाळला, कागदाचा वास. म्हणजे व्हिस्कोस. ओला झाला की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते, घासलं तर लव कायमची मोडते. मी म्हणालो, मशीन लावणार नाही, नुसतं टिपून जेवढं निघेल तेवढं काढतो, पूर्ण जाणार नाही. गृहस्थ चिडले. "पैसे देतोय ना? दुसरा नऊशेमध्ये करतोय." मी सामान उचललं. घरी येईपर्यंत त्या अडीच हजारांचाच विचार डोक्यात होता, हप्ता तोंडावर आलेला. सहा-सात महिन्यांनी त्यांच्या पत्नीचा सोफ्यासाठी फोन आला. तो गालिचा आता घरात नव्हता. मीही विचारलं नाही.

काकूंकडे मी त्या प्रमाणपत्रानंतर गेलो. दाराशी उभा राहून सांगितलं, काकू, तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर आता देता येईल. त्यांनी आत बोलावलं. मी खिशातला हळदीचा कागद काढला आणि त्यांच्याच स्वयंपाकघरातलं भांड्याच्या पावडरीचं पाणी त्याच्या कोऱ्या बाजूवर टाकलं. लाल झालं. त्या बराच वेळ कागद बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि आता निघेल का ते?"

पूर्ण निघणार नाही, म्हणालो. तीन वेळा येईन, थोडं थोडं करीन, बहुधा निम्मं फिकं होईल, पैसे घेणार नाही. त्या हो म्हणाल्या, पण पहिल्या दिवशी शेजारी खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसल्या. दुसऱ्या दिवशीही बसल्या. तिसऱ्या दिवशी भाजी आणायला गेल्या आणि जाताना दार नुसतं लोटून घेतलं.

गुलाबी सावली अजून आहे, उजव्या कोपऱ्यात, दिवाणाच्या पायाशी. दर दिवाळीआधी मी तो गालिचा धुतो. दहा मिनिटांचं फडकं काकू स्वतः दाबून ठेवतात आणि स्वतःच उचलून उजेडात धरतात.