मागच्या सीटचा खटका

गाडीत आपला जीव कशावर अवलंबून असतो असं विचारलं, तर कुणी ब्रेक म्हणेल, कुणी टायर, कुणी एअरबॅग. मागच्या सीटची पाठ धरून ठेवणारा खटका कुणालाच आठवायचा नाही. त्याचं नातं आपण फक्त सामानाशी जोडतो. सायकल न्यायचीय, पाड सीट. कपाट आणायचंय, पाड सीट.

पद्मिनी-अँबॅसिडरच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता. मागची पाठ म्हणजे भिंत आणि डिकी तिच्या पलीकडे, वेगळ्या झाकणाची. 1983 साली मारुती 800 आली आणि पाठ आडवी पाडता येते याची घरोघरी चटक लागली. आता मे महिन्यात कोकणातून परतणारी कुठलीही छोटी गाडी बघा. मागे आंब्याच्या पेट्या, तांदळाचं पोतं, वर एखादा बरका फणस. त्यांना टेकून आजी आणि नातवंडं. मधे ती एक पाठ आणि तिला धरणारे हाताच्या पंजाएवढे दोन खटके.

सीटच्या मजबुतीसाठी संयुक्त राष्ट्रांचा 17 क्रमांकाचा नियम आहे. त्यात 18-18 किलोचे दोन ठोकळे डिकीत ठेवतात आणि ताशी 50 किलोमीटरच्या धडकेइतका हिसका देतात. पाठ वाकली तर चालते, खटका सुटलेला चालत नाही. आपलं तांदळाचं पोतं एकटंच पंचवीस-तीस किलोचं असतं, फणस वेगळा. शिवाय काही गाड्यांत मधल्या प्रवाशाच्या बेल्टची गुंडाळी पाठीतच बसवलेली असते. म्हणजे सामानाबरोबर त्या माणसाचा भारही खटक्यावरच.

आमच्या गाडीत मागून खडखड यायला लागली, तेव्हा जो तो निदान करू लागला. शॉकअप गेले, बुश गेले, जॅक सैल आहे, डिकीचं रबर वाळलंय. मिस्त्री काही न बोलता मागे बसले. गाडी खड्ड्यांवरून न्यायला लावली आणि सीटच्या खांद्यावर तळवा दाबून धरला. आवाज बंद. तळवा काढला, आवाज सुरू. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप न काढताच रोग सांगावा, तसं झालं.

पाठ पाडायला उचलतात ती वरची खुंटी काढून कव्हर सोडवलं, तेव्हा तो ऐवज दिसला. एक पोलादी आकडा, त्याच्यामागे छोटा दात, दाताला स्प्रिंग. गाडीच्या अंगाला जाड सळीची कडी असते, तिला गॅरेजात स्ट्रायकर म्हणतात. पाठ ढकलली की कडी आकड्याच्या तोंडात शिरते, आकडा फिरतो आणि दात त्याच्यामागे बसून त्याला परत फिरू देत नाही. आमचा दात झिजून गोल झाला होता, त्यात काळं ग्रीस आणि शेवेचा चुरा. दात पुरता बसला नाही की खुंटीपाशी लाल खूण दिसावी, अशी सोय होती. पण ती खूण काचेच्या कोपऱ्यात, उन्हाच्या जाळीमागे! तिथे कोण कशाला बघतंय?

दुकानदाराने आधी उजवा खटका दिला, हवा होता डावा. दोन्ही आरशातल्यासारखे उलटसुलट, अदलाबदल होत नाही. डावा आला, तर मिस्त्रींनी तो आधी हातातच तपासला. आकड्यात स्क्रूड्रायव्हरची दांडी दाबली, कट्‌. जोर लावून ओढली, सुटली नाही. दात सोडवणारी पट्टी उचलली, सुटली. "बसवल्यावर अडकला तर डिकीत झोपून उघडावा लागतो," ते म्हणाले. मग दोन बोल्ट, खुंटीपासून खटक्यापर्यंत येणाऱ्या सळीची क्लिप, कव्हर. पाठ उभी करून दोन्ही हातांनी गदागदा हलवली. हलेना.

"निम्म्या वेळा खटका चांगलाच असतो बघा, मधे बेल्ट अडकतो म्हणून दात बसत नाही," मिस्त्री हात पुसत सांगत होते. तेवढ्यात त्यांचा पोऱ्या म्हणाला, "उस्ताद, बेल्ट मागंच राहिला."

पुन्हा खुंटी, पुन्हा पाठ आडवी.