सात लाल रेघा

स्पॅनिशचे पेपर तपासताना माझा हात सहसा अडत नाही. त्या दिवशी एका उत्तरपत्रिकेवर ओळीने सात लाल रेघा मारल्या आणि आठवीला थांबले. दोन मैत्रिणींचा संवाद होता, रिकाम्या जागी क्रियापदं भरायची होती. मला हवी होती 'तू'ची रूपं: 'त्येनेस', 'प्वेदेस', 'क्येरेस'. या विद्यार्थिनीने लिहिलं होतं 'तेनेस', 'पोदेस', 'केरेस', आणि प्रत्येकाच्या शेवटच्या स्वरावर आघाताचं चिन्ह. नीट, न विसरता. चुकणारं पोर सात ठिकाणी इतकं एकसारखं चुकत नाही.

संध्याकाळी बॅचच्या आधी तिला विचारलं. म्हणाली, "मॅडम, मी रोज ब्वेनोस आयरेसच्या टीमबरोबर कॉलवर असते. तिकडे सगळे असंच बोलतात."

बरोबरच होतं तिचं. जवळच्या माणसासाठी स्पॅनिशमध्येही 'तू'च, पण अर्जेंटिनात 'तू' नाही, त्याच्या जागी 'बोस' आहे. उरुग्वे, पाराग्वे आणि मध्य अमेरिकेचा बराचसा भागही 'बोस'वाला. एके काळी हा शब्द आपल्या 'तुम्ही'सारखा मानाचा होता. पुढे मानासाठी 'उस्तेद' आलं, 'बोस'चा मान गेला आणि स्पेनमधून तो नाहीसाच झाला. मेक्सिको आणि लिमा या सत्ताकेंद्रांपासून लांबच्या मुलखांत मात्र टिकला. त्याची रूपंही 'तू'ची बिघडलेली रूपं नव्हेत. या क्रियापदांत आघात धातूवर पडला की 'ए'चा 'ये' आणि 'ओ'चा 'वे' होतो. 'बोस'मध्ये आघात शेवटी सरकतो, म्हणून धातू जसाच्या तसा राहतो. 1982 साली अर्जेंटिनाच्या भाषा अकादमीने हा वापर शिष्टमान्य ठरवला, आणि 2009च्या नव्या व्याकरणात स्पेनच्या अकादमीनेही ही रूपं कोष्टकात घेतली.

हे सगळं मला पाठ होतं, तरी रेघा मारल्याच.

मी अकोल्याची. पाचवीत निबंधात 'आई स्वयंपाक करून राहिली होती' असं लिहिलं होतं. बाईंनी 'करून राहिली'खाली इतक्या जोरात रेघ ओढली की मागच्या पानावर वळ उठला. घरी आई तसंच बोलायची. त्यानंतर कित्येक वर्षं मी वर्गात बोलण्याआधी वाक्य मनात धुऊन घ्यायची.

तिचे सातही गुण परत दिले. एका सहकाऱ्यांचं म्हणणं पडलं, की नवशिक्यांचा गोंधळ होईल. मला ते पटत नाही. 'बोसोत्रोस', म्हणजे जवळच्या अनेकांसाठीचं 'तुम्ही', जवळजवळ फक्त स्पेनात बोलतात, तरी आमची पोरं त्याचा रकाना घोकतात. मग 'बोस'ला एक ओळ का नको? एकाच संवादात 'तू' आणि 'बोस' मिसळायचं नाही, एवढी अट पुरे.

त्याच संध्याकाळी फळ्यावरच्या कोष्टकात 'तू'खाली एक ओळ वाढवली आणि खडू तिच्या हातात दिला. तिने 'सोस', 'तेनेस' लिहिलं, मग 'मी तुला फोन करते' हे वाक्य. त्यात 'बोस' कुठेच नाही. 'तुला'साठी 'तू'बरोबर जे 'ते' येतं, तेच इथेही.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "म्हणजे हाक 'तुम्ही'ची मारायची आणि द्यायचं मात्र 'तुला'?"

"हो," ती म्हणाली, "तिकडे असंच देतात."