दुआंचं पुस्तक मी चौथ्या फेरीत मिटलं

हजला किंवा उमऱ्याला (मक्केची छोटी यात्रा) निघालेल्या ओळखीच्या बायकांचे मेसेज यायला लागले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, दुआ कोणकोणत्या पाठ करू, लिस्ट असेल तर पाठव ना. प्रत्येकीला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. आणि लिस्टपेक्षा जरा जास्त लिहिणार आहे, कारण नुसती लिस्ट घेऊन गेले तेव्हा माझं काय झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही २०२४ चा हज केला, अम्मी, भाऊ आणि मी. निघायच्या आधी ग्रुपमधल्या सगळ्यांना एक छोटं पुस्तक मिळालं, दोरी लावलेलं, गळ्यात अडकवायचं. त्यात तवाफच्या (काब्याभोवती घालायच्या सात फेऱ्या) पहिल्या फेरीची दुआ, दुसऱ्या फेरीची दुआ, अशा सातही फेऱ्यांच्या लांबच लांब दुआ होत्या, अरबी मजकूर आणि खाली देवनागरीत उच्चार, अर्थ मात्र कुठेच नाही. मी महिनाभर आधीपासून पाठ करायला बसले, दोन फेऱ्यांच्या झाल्या पण तिसरीचं काही केल्या डोक्यात राहीना, मग टेन्शन, की एखादा शब्द चुकला तर तवाफ होईल का नाही.

आम्ही आधी मदिनेला उतरलो होतो त्यामुळे एहराम (हज-उमऱ्याची पवित्र अवस्था) मदिनेजवळच्या ज़ुल हुलैफाला बांधला, ज्याला आता अब्यार अली म्हणतात. तिथे दोन रकात नमाज़ पढून उमऱ्याची नियत (संकल्प) केली आणि तलबिया (हाजींचा घोष) सुरू, लब्बैक अल्लाहुम्म लब्बैक, लब्बैक ला शरीक लक लब्बैक, इन्नल हम्द वन्निअमत लक वल मुल्क, ला शरीक लक. हजर आहे, या अल्लाह, मी हजर आहे, तुझा कोणी भागीदार नाही, सगळी तारीफ, सगळी नेमत आणि सत्ता तुझीच. पुरुषांनी मोठ्या आवाजात म्हणायचं, बायकांनी स्वतःला ऐकू येईल इतपत. अख्ख्या प्रवासात एकच गोष्ट पाठ करायची असेल तर ही करा, अर्थासकट. बस सुटली, पुढच्या सीटवरून पुरुषांचा आवाज येतोय आणि अम्मी खिडकीशी डोकं टेकून ओठातल्या ओठात म्हणतेय, असं कितीतरी वेळ चालू होतं, आणि मला वाटलं की कोणीतरी नाव घेऊन हाक मारलीय आणि आपण ओ देत देत चाललोय.

याच ज़ुल हुलैफाची एक गोष्ट प्रत्येक बाईला माहीत पाहिजे. पैगंबर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्या हजच्या वेळी, म्हणजे हिजरी १० मध्ये, अस्मा बिन्ते उमैस रज़ि. यांची इथेच डिलिव्हरी झाली. त्यांनी निरोप पाठवून विचारलं आता मी काय करू, तर उत्तर आलं, गुसल (आंघोळ) कर, कपडा बांध आणि एहरामची नियत कर. आणि पैगंबरांच्या पत्नी हज़रत आयशा रज़ि. यांना वाटेत पाळी आली तेव्हा त्या रडायला लागल्या, त्यांना सांगितलं गेलं की हाजी जे जे करतात ते सगळं कर, फक्त पाक होईपर्यंत तवाफ करू नकोस. म्हणजे तलबिया, ज़िक्र (अल्लाहचं स्मरण), दुआ, अरफातच्या मैदानात थांबणं, यातलं काहीच बंद होत नाही. आमच्या ग्रुपमधली एक मुलगी याच कारणाने दोन दिवस हॉटेलच्या रूममध्ये तोंड लपवून बसली होती, तिला हे कोणी वेळेवर सांगितलंच नव्हतं.

आता तवाफ. हरममध्ये (काब्याभोवतीची मशीद) उजवा पाय आत टाकताना अल्लाहुम्मफ्तह ली अब्वाब रहमतिक म्हटलं, तुझ्या रहमतचे दरवाजे माझ्यासाठी उघड. हज्रे अस्वदच्या (काब्याच्या कोपऱ्यातला काळा दगड) रेषेत भिंतीवर हिरवा दिवा आहे, तिथून फेरी सुरू होते, काबा डाव्या हाताला. दगडापर्यंत पोचायचा हट्ट करू नका, लांबून हात करून बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर म्हणायचं की झालं. हज़रत उमर रज़ि. यांनी त्या दगडाला सरळ म्हटलं होतं, मला माहितीये तू एक दगड आहेस, ना नुकसान करू शकतोस ना फायदा, आणि रसूलल्लाहना (पैगंबरांना) तुझं चुंबन घेताना पाहिलं नसतं तर मीही घेतलं नसतं. त्यासाठी धक्काबुक्की करून दुसऱ्याला इजा करणं मला तरी पटत नाही.

मी काय केलं, तर पुस्तक उघडलं आणि मान खाली घालून वाचत सुटले. घामाने पानं एकमेकांना चिकटत होती, बोटाने एक एक ओळ धरायची, धक्का लागला की ओळ सुटायची, परत शोधायची, मध्येच पुढच्या बाईच्या टाचेवर पाय पडायचा. शेजारून एक मोठा ग्रुप चालला होता, पुढचा माणूस जोरात दोन शब्द म्हणायचा आणि मागचे सगळे जसं ऐकू येईल तसं म्हणायचे, त्यात माझी ओळ अजूनच हरवायची. तीन फेऱ्या अशा गेल्या. चौथ्या फेरीत अम्मीने माझं मनगट दाबलं आणि म्हणाली, अगं वर बघ की.

मी वर बघितलं. काबा अगदी समोर होता. हजच्या दिवसांत गिलाफ (काब्यावरचं कापड) खालून साधारण तीन मीटर वर उचलून बांधतात आणि खाली पांढरं कापड लावतात, त्या पांढऱ्या कापडाच्या वरून काळा रेशमी गिलाफ सुरू होतो, आणि त्या काळ्यावर काळ्याच धाग्याने विणलेली अक्षरं मला तिथे दिसली. ज्यासाठी आयुष्यभर दुआ मागितली ते घर माझ्या डाव्या हाताला होतं आणि मी तीन फेऱ्या त्याच्याकडे न बघता पुस्तकात डोकं घालून काढल्या होत्या. मी पुस्तक मिटून मागे पाठीवर टाकलं आणि मग मला रडू आलं ते सातवी फेरी संपेपर्यंत थांबलं नाही. काय मागितलं, धड आठवतही नाही, पण मराठीत मागितलं एवढं नक्की.

नंतर आमच्यासोबत आलेल्या मौलानांना विचारलं तर ते म्हणाले, बेटा, फेरीनिहाय ठरलेली दुआ हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांच्या नोंदी) कुठेच नाही, ती लोकांच्या सोयीसाठी नंतर कोणीतरी जमवलेली आहे, वाचली तर गुनाह नाही पण ती म्हटलीच पाहिजे असं समजू नका. रसूलल्लाहकडून तवाफमधली जी दुआ पक्की आलीय ती रुक्ने यमानी आणि हज्रे अस्वद या काब्याच्या दोन कोपऱ्यांच्या मधली, रब्बना आतिना फिद्दुनिया हसनतंव व फिल आखिरति हसनतंव वकिना अज़ाबन्नार. आमच्या रब, आम्हाला दुनियेत भलं दे, आखिरतमध्ये (मरणानंतरच्या आयुष्यात) भलं दे आणि आगीच्या अज़ाबपासून वाचव. बाकी वेळ ज़िक्र करा, कुरआन पढा, तुमच्या भाषेत मागा.

ही आयत आपल्या सगळ्यांना लहानपणापासून पाठ असते पण ती कुरआनमध्ये कुठे आलीय ते मी तिथे पहिल्यांदा बघितलं. सूरह बकरामध्ये (कुरआनचा एक अध्याय) हजबद्दलच बोलणं चाललंय, आयत २०० मध्ये म्हटलंय की काही लोक फक्त दुनियाच मागतात, त्यांना आखिरतमध्ये काही वाटा नाही, आणि लगेच २०१ मध्ये ही दुआ. म्हणजे ही हाजींचीच दुआ आहे. आणि याच सूरहच्या १२७ व्या आयतीत हज़रत इब्राहीम आणि इस्माईल अलैहिस्सलाम काब्याच्या भिंती उभ्या करतायत आणि म्हणतायत, रब्बना तकब्बल मिन्ना, इन्नक अन्तस्समीउल अलीम. आमच्याकडून हे कबूल कर, तू ऐकणारा, जाणणारा आहेस. खुद्द काबा बांधणाऱ्यालाही हे काम कबूल होईल का याची काळजी होती! हजचा प्रत्येक विधी संपला की ही एक छोटी दुआ मागा, मला तिने खूप धीर दिला.

तवाफनंतर काब्याजवळच्या मकामे इब्राहीमच्या मागे जागा मिळाली तर तिथे नाहीतर हरममध्ये कुठेही दोन रकात, पहिलीत कुल या अय्युहल काफिरून आणि दुसरीत कुल हुवल्लाहु अहद या सूरह. मग ज़मज़मचं (तिथल्या विहिरीचं) पाणी, पिताना इब्ने अब्बास रज़ि. यांची दुआ आहे, अल्लाहुम्म इन्नी अस्अलुक इल्मन नाफिअन व रिज़्कन वासिअन व शिफाअन मिन कुल्लि दाअ, उपयोगी इल्म, भरपूर रोज़ी आणि प्रत्येक आजारातून शिफा. पोटभर प्या.

मग सई, म्हणजे सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये चालणं, तिच्या सुरुवातीला सफावर चढताना इन्नस्सफा वल मरवत मिन शआइरिल्लाह ही आयत, मग काब्याकडे तोंड करून तीनदा अल्लाहु अकबर, आणि ला इलाह इल्लल्लाहु वह्दहू वाली ती दुआ ज्यात अन्जज़ वअदहू व नसर अब्दहू व हज़मल अहज़ाब वह्दहू येतं, त्याने आपलं वचन पुरं केलं, आपल्या बंद्याला मदत केली आणि सगळ्या फौजांना एकट्याने हरवलं. ही तीनदा म्हणायची आणि मध्ये मध्ये स्वतःचं मागायचं. मक्का फतह झाल्यानंतर, ज्या गावातून हाकललं गेलं त्याच गावात उभं राहून हज करताना हे शब्द म्हटले गेलेत हे लक्षात ठेवून म्हणा, अंगावर काटा येतो. एक बाजू साधारण साडेचारशे मीटर, सात वेळा म्हणजे तीन किलोमीटरच्या वर चालणं होतं, अम्मीचे गुडघे पाचव्यालाच बोलायला लागले. हिरव्या दिव्यांच्या मध्ये पुरुष पळतात, बायका चालतात, आणि रब्बिग़फिर वरहम म्हणतात, माझ्या रब, माफ कर, रहम कर. अम्मी म्हणाली, ज्या बाईच्या पळण्यावरून हे सगळे पुरुष पळतायत तिच्याजवळ तर पाणीपण नव्हतं. ती बाई म्हणजे बीबी हाजरा, हज़रत इस्माईलची आई, जी पाण्यासाठी या दोन टेकड्यांमध्ये पळाली होती.

उच्चारांबद्दल एक कळकळीने सांगते. देवनागरी वाचून अरबी पाठ करू नका, आधी ऑडिओ ऐका. अरबीत दिल म्हणजे कल्ब आणि कुत्रा म्हणजेही कल्ब, फरक फक्त पहिल्या अक्षराचा, एक घशातून येतो आणि एक नाही, आपण देवनागरीत दोन्ही सारखंच लिहितो. म्हणून मी वर जे लिहिलंय तेसुद्धा आठवण म्हणूनच धरा, शिका ते कोणाकडून तरी ऐकून.

आणि अरफात. ९ ज़िलहिज्जा, त्या वर्षी १५ जून. हजच्या त्या दिवसांत मक्केत पारा ५१ च्या वर गेला होता आणि उन्हामुळे खूप हाजी गेले, सौदी सरकारनेच १३०० च्या वर आकडा सांगितला, अल्लाह त्या सगळ्यांची मग़फिरत करो (त्यांना माफ करो). अरफातमधल्या जबले रहमत टेकडीवर चढायची काही गरज नाही, पूर्ण अरफात थांबायचीच जागा आहे, तंबूत बसून दुआ मागितली तरी तीच. पाणी पीत राहा आणि म्हाताऱ्या माणसांना उन्हात नेऊ नका. हदीसमध्ये आहे की सगळ्यात उत्तम दुआ अरफाच्या दिवसाची, आणि मी आणि माझ्या आधीच्या नबींनी म्हटलेलं सगळ्यात उत्तम म्हणजे ला इलाह इल्लल्लाहु वह्दहू ला शरीक लहू, लहुल मुल्कु व लहुल हम्दु व हुव अला कुल्लि शैइन कदीर. एवढंच.

ज़ुहर आणि असर या दुपारच्या नमाज़ सोबत पढून झाल्या आणि मग सूर्य बुडेपर्यंत दुसरं कामच नाही, फक्त मागायचं. मला वाटलं होतं सहज मागेन, पण वीस मिनिटांत माझं सगळं मागून संपलं. आपल्याला नक्की काय हवंय हे आपण कधी नीट बसून ठरवलेलंच नसतं हे तिथे कळतं. अम्मीकडे एक डायरी होती, ज्यांनी ज्यांनी दुआ सांगितली त्यांची नावं आणि पुढे काय पाहिजे ते, मुलाची नोकरी, मुलीचं स्थळ, कोणाचा डायलिसिस चालू, कोणाला मूल नाही. ती बोट ठेवून एक एक नाव घेत होती, मराठीत, अगदी फोनवर बोलल्यासारखं, या अल्लाह हिचं फार हाल आहे रे, बघ जरा तिच्याकडे. पैगंबरांचे साथी उसामा रज़ि. सांगतात की अरफातमध्ये रसूलल्लाह उंटिणीवर बसून हात वर करून दुआ मागत होते, उंटीण हलली आणि लगाम हातातून सुटला, तर त्यांनी एका हाताने लगाम धरला आणि दुसरा हात तसाच वर ठेवला. अम्मीच्या एका हातात डायरी आणि दुसरा हात वर, मी बघत होते आणि मला सारखं तेच आठवत होतं.

मग अरफातहून मुज़दलिफाला गेलो, तिथे मग़रिब आणि इशाची नमाज़ सोबत पढली, खडे वेचले, उघड्या आभाळाखाली झोपलो. दहा तारखेला मोठ्या जमरातला (सैतानाचं प्रतीक म्हणून खडे मारायच्या तीन जागांपैकी एक) पहिला खडा मारताना तलबिया बंद होते, त्याऐवजी प्रत्येक खड्याला अल्लाहु अकबर. तोंडाला इतकी सवय झालेली की मी नंतरही दोनदा लब्बैक म्हणून गेले. पुढच्या दिवसांत तिन्ही जमरात असतात, पहिल्या आणि दुसऱ्या जमरातनंतर जरा बाजूला होऊन किब्ल्याकडे तोंड करून आरामात दुआ मागायची, तिसऱ्यानंतर थांबायचं नाही. ही दुआ बरेच लोक गर्दीच्या भीतीने सोडतात, सोडू नका, बाजूला जागा असते.

निघायच्या आधी तवाफे विदा, म्हणजे निरोपाचा तवाफ केला. बस जेद्दाकडे निघाली तेव्हा अम्मीने परत डायरी काढली, पेनाच्या टिका बघत बघत शेवटच्या पानावर आली आणि एकदम गप्प झाली. दोन नावं राहिली होती. पान चिकटलं होतं म्हणून दिसलीच नाहीत. मी म्हटलं अम्मी आता हरम मागे राहिलं, जाऊ दे, घरी जाऊन मागू. तर ती म्हणाली, मुसाफिरची दुआ रद्द होत नाही, आणि आपण अजून मुसाफिरच आहोत ना, धर हे, आणि डायरी माझ्या मांडीवर उघडी ठेवून तिने सीटवर बसल्या बसल्या दोन्ही हात वर केले.