घाटात उतरून ढकलता का?

सोसायटीतले काका विचारतात, स्टाफरूममध्ये विचारतात, परवा तर दूधवाल्यानेही विचारलं: "ताई, सायकलवर एवढं सामान लादून घाटात जाता, मग मध्ये उतरून ढकलता का हो?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर बारीकशी आशा असते, की मी हो म्हणावं. त्यांचं चूक नाही. नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' ही सायकल शर्यत जोडीने पुरी केली, तेव्हापासून नाशिकमध्ये सायकलवाला म्हटलं की लोकांना पराक्रम ऐकायचा असतो, नाहीतर फजिती.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सहसा नाही ढकलत, आणि त्यात शौर्य काही नाही. लादलेली सायकल ढकलणं हे ती चालवण्यापेक्षा कष्टाचं काम आहे, एवढंच. कॅरिअरला दोन्हीकडे पिशव्या लटकलेल्या असतात. ढकलायला लागलं की आपल्या बाजूची पिशवी दर पावलाला पोटरीवर आपटते, म्हणून आपण लांबून, तिरकं होऊन ढकलतो. मग कंबर धरते आणि सायकल अंगावर येते. उलट माझ्या सायकलची पुढची सगळ्यात लहान चकती २२ दात्यांची आहे आणि मागची सगळ्यात मोठी ३४ दात्यांची. पायडलच्या एका फेऱ्याला सायकल सव्वा मीटरच्या आसपास सरकते. ताशी पाच किलोमीटर. म्हणजे चालण्याचाच वेग, पण बसून. घाटात दम लागतो तो वेग वाढवायला गेलं तर.

नाशिककरांची खरी गोची वेगळी आहे. आपण घाटावर राहतो. पेठ रोडने जंगलात जायचं तर आधी सावळघाट, मग कोटंबीचा घाट, दोन्ही उतरायचे. जाताना फुशारकी, येताना हिशेब. गेल्या मार्चमधला माझा हिशेबाचा दिवस सांगते.

पेठच्या पलीकडे एका पाड्यावर शाळेतल्या सहकाऱ्याच्या घरी मुक्काम होता. सामान मोजून १३ किलो: कपडे, अंथरूण, छोटा तंबू, हत्यारं, ३ लिटर पाणी. निघताना त्यांच्या आईने चार किलोंची नागलीची पिशवी पुढे केली. मी म्हटलं, "आजी, चढ आहे." त्या म्हणाल्या, "मग? खाऊन जोर येईल." यावर काय बोलणार? पिशवी कॅरिअरवर, सगळ्यात वर बांधली. चूक तिथेच झाली, नागलीची नव्हे, माझी. आधीच मागचं चाक बहुतेक भार घेत होतं.

उजाडताना रस्ता रिकामा होता. सागाची पानं गळून गेलेली, त्यामुळे जंगल आरपार दिसत होतं, आणि मध्येच एखादा पळस पेटलेला. एका मोहाखाली बाई फुलं वेचत होती. खालचा पाला जाळून जमीन काळी केलेली, म्हणजे पडलेलं फूल पटकन दिसतं. काळ्या राखेवर ती फिकट, गुबगुबीत फुलं. मी एक तोंडात टाकलं: आधी गोड, मग घशात उग्र दर्प. बाईने माझ्या पिशव्यांकडे बघून विचारलं, "काय विकायला आणलंस?" काही नाही म्हटल्यावर तिचा माझ्यातला रस संपला, ती पुन्हा खाली वाकली.

कोटंबीच्या घाटात निम्मं वर आल्यावर मागून 'टण्' आवाज आला. मागच्या चाकाची तार (स्पोक) तुटली होती. चाक आऊट, म्हणजे वाकडं होऊन दर फेऱ्याला ब्रेकला घासायला लागलं. आणि तुटली ती नेमकी कॅसेटच्या, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या बाजूची. मागच्या चाकात त्या बाजूच्या तारा जास्त ताणलेल्या असतात, त्यामुळे जास्त करून त्याच तुटतात. आणि कॅसेट काढल्याशिवाय तिथे नवी तार घालता येत नाही. तार माझ्याकडे होती, चिकटपट्टीने फ्रेमला लावलेली. कॅसेट काढायचं टूल घरी, कपाटात.

मग रस्त्याकडेला सायकल उलटी केली. तुटलेली तार शेजारणीला गुंडाळली, डावीकडच्या दोन तारा चावीने अर्धा-अर्धा फेरा सैल केल्या, मागचा ब्रेक सोडून ठेवला. नागली पाठीवरच्या सॅकमध्ये घेतली, पाणी पुढे हँडलला बांधलं. आणि उरलेला घाट ढकलला. हो, ढकलला! पोटरीवर पिशवी, पाठीवर नागली, डोक्यावर मार्चचं ऊन. एका पिकअपवाल्याने थांबून विचारलं, "टाकू का मागे?" मी नको म्हणाले. का म्हणाले, ते मला त्याच वेळी कळत नव्हतं. तो गेल्यावर दहा मिनिटं स्वतःलाच शिव्या घालत होते.

सावळघाट मात्र बसून चढले, हलक्या गिअरमध्ये, खड्डे चुकवत. घाट ओलांडला की गंमत असते: मागचं पाणी दमणगंगेतून अरबी समुद्राला जातं, पुढचं गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागराला. त्या दिवशी मला बाटलीत उरलेल्या पाण्याचीच काळजी होती. रामशेज दिसला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मोगलांना पाच वर्षांहून जास्त झुलवणारा किल्ला. मला तो नेहमी 'आता घर आलं' एवढंच सांगतो.

दुसऱ्या दिवशी पंचवटीतल्या मिस्त्रीकडे सायकल नेली. त्याने चाक फिरवून बघितलं, माझ्या दोन सैल केलेल्या तारा ओळखल्या आणि मान न वर करता विचारलं, "ताई, वजन किती घातलं होतं?"

"तेरा किलो," मी म्हटलं.